भाऊ नारकरांची चहाची घंटी

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहेत त्यांनी पुढे सरका, सतरंजी रिकामी आहे. लेकरांना मांडीवर घ्या. बापट, पेटीचा सूर जरा खाली घ्या हो, माझा गळा आता तुमच्या पेटीइतका तरुण राहिलेला नाही. हां, असं.

आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. देणारा भरभरून देतो, असं आपण म्हणतो. रोज म्हणतो. ऊन पाटलाच्या अंगणात पडतं तसंच गुरवाच्या अंगणात पडतं. मग एका घरात समाधान नांदतं आणि शेजारच्या घरात सकाळपासून कुरकुर, असं का? देताना त्याने हात आखडता घेतला? की दारापर्यंत आलेलं आपणच आत येऊ दिलं नाही?

सोपा आहे ना प्रश्न? मग सांगा बघू उत्तर.

बरं. मीही आत्ता देत नाही, गोष्ट सांगते. तुम्हाला वाटलं असेल, बाई आता पुराणातलं काहीतरी लावणार. नाही. आज आख्यान आहे इंटरनेटचं. हसा, हसा. तुमच्यातल्या किती जणांच्या खिशात तो आत्ता गुरगुरतोय ते मला इथून ऐकू येतंय.

तर ऐका. लांज्याच्या पुढे, हमरस्ता सोडून आत गेलं की एक गाव आहे. जांभ्या दगडाची घरं, हातभर जाड भिंती. तिथे राहतात विश्वासराव नारकर. गाव त्यांना भाऊ म्हणतं. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त.

लाइनमन म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. तेव्हा अख्ख्या आळीत एक फोन. काळा, जड, आणि त्याच्यावर भरतकाम केलेला रुमाल! मुंबईहून कुणाचा ट्रंककॉल आला की हाक पडायची, आणि बाई पिठाच्या हातांनी धावत सुटायची. पलीकडून आवाज यायचा विहिरीतून आल्यासारखा. "बरे आहात ना?" "बरे आहोत." संपलं. तेवढ्यावर महिनाभर पोट भरायचं. आता रोज तोंड दिसतं आणि तरी आपण विचारतो, "बाकी काय?" असो. तो फोन बंद पडला की आळी मुकी व्हायची. मग भाऊ यायचे. खांद्याला चामड्याची पिशवी, कमरेला पट्टा.

आणि भाऊंची एक रीत होती. ती नीट ऐका, पुढे लागणार आहे. ते आले की घरमालक सांगायचा, "भाऊ, बिघाड बाहेर आहे. खांबावर बघा." भाऊ चपला काढायचे आणि म्हणायचे, "खांब कुठे पळून जात नाही. आधी घर दाखवा." मग कुठे कपाटाचा पाय वायरीवर आलेला, कुठे कॅलेंडरचा खिळा तिच्यातून आरपार गेलेला. बहुतेक वेळा बिघाड घरातच. आणि घरमालक शेवटपर्यंत म्हणत राहायचा, "पण भाऊ, एकदा खांब बघाच."

तर अशा या भाऊंच्या स्वतःच्या घरात एक घंटी होती.

ओटीवर त्यांची आरामखुर्ची. खुर्चीच्या हाताशी भिंतीवर एक बटण. ते दाबलं की आत स्वयंपाकघरात घंटी वाजायची, जुन्या फोनच्या पोटातली, खणखणीत. एकदा वाजली, चहा. दोनदा वाजली, पाहुणा आलाय, दोन चहा. लांबलचक वाजली, पानं घ्या. आणि घंटीच्या खाली उभ्या शरयूकाकी, भाऊंच्या पत्नी. लग्न होऊन आल्या तेव्हा गावात टेलिफोनसुद्धा धड नव्हता, पण काकींचं एक्स्चेंज चालू झालेलं होतं.

बायकांनो, तुम्ही का हसताय ते मला कळलं. आणि पुरुष मंडळी का हसत नाहीत तेही कळलं.

भाऊंचा मुलगा बोटीवर नोकरीला. वर्षातले कितीतरी महिने दर्यावर. म्हणून त्याची बायको प्राची आणि छोटी ओवी इथे गावी येऊन राहिल्या. प्राची पुण्याच्या कंपनीत. काम असं की परदेशातल्या माणसांचं काही अडलं, की हिने माडीवरच्या खोलीत संगणकापुढे बसून बोलून सोडवायचं. ओवी सकाळी बालवाडीत, आणि संध्याकाळी भाऊंच्या पायावर बसून झोका. त्या झोक्यासाठी भाऊ दिवसभर थांबलेले असायचे. हे ते कुणाला सांगत नसत. सांगायची गरजही नव्हती, सगळ्यांना दिसत होतं.

फक्त एक दुखणं होतं. प्राचीचं बोलणं मध्येच तुटायचं. साहेब बोलतोय, बोलतोय, आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच. माडीवरून आवाज यायचा, "हॅलो? हॅलो? आवाज येतोय का माझा?" पुण्याहून बोलणी बसायला लागली. भाऊ म्हणाले, "लाइन जुनी झाली. नवी घेऊ." आणि त्यांनी स्वतः खटपट करून काचेच्या तारेची नवी लाइन घरी आणली. गावातला साळवी ती कामं करतो. त्याने ओटीवर नवा पांढरा डबा बसवला, हिरवे दिवे लागले, काकींनी डब्याला हळदकुंकू लावलं, भाऊंनी पेढे वाटले.

साळवी म्हणाला, "भाऊ, डब्यापासून माडीपर्यंतची वायरपण नवी ओढू का?"

भाऊ म्हणाले, "ती मी स्वतः ओढलेली आहे. प्राची पहिल्यांदा राहायला आली तेव्हा. एक पट्टी वाकडी दिसली तर मला सांग."

साळवीने भिंतीकडे पाहिलं. खरंच, वायर अशी सरळ गेली होती की ओळंबा लावावा. त्याने नव्या डब्यातून निघालेलं टोक भाऊंच्या वायरीला जोडलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी माडीवरून काय आवाज आला असेल?

"हॅलो? हॅलो? आवाज येतोय का माझा?"

आणि वेग म्हणाल तर पहिल्यासारखाच. मुंगी चालते तसा. भाऊंनी साळवीला बोलावून घेतलं. त्याने डब्याशी यंत्र लावून मोजलं. "भाऊ, इथे पूर्ण येतंय. जेवढं सांगितलंय तेवढं. जे काही आहे ते आत—"

"आत म्हणजे?"

"म्हणजे घरात बघायला हवं."

मंडळी, ओटीवर तेव्हा दोन शेजारी बसलेले होते. भाऊंचा चेहरा लाल झाला. "मला घर बघायला सांगतोस? खांबावर जाऊन बघ. रस्त्यात कुठे वाकवली असशील तार. काच आहे ती, सुतळी नाही."

साळवी पिशवी उचलून म्हणाला, "खांबही बघतो, भाऊ." आणि गेला.

आठवलं ना, आयुष्यभर लोकांना काय सांगत आले होते हे गृहस्थ? पण ते दुसऱ्यांच्या घरी. स्वतःच्या उंबऱ्यात माणूस चपला काढतो आणि शहाणपणसुद्धा तिथेच काढून ठेवतो की काय, देव जाणे.

दिवस गेले. पुण्याहून निरोप आला: सोमवारपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर इथे येऊन ऑफिसात बसा. प्राचीने कुरकुर केली नाही. तिने माळ्यावरची बॅग काढली. बॅगेत ओवीचा रेनकोट गेला, मग चित्रांची पुस्तकं गेली. भाऊ येता-जाता बघत होते. "जाऊ नका" असं म्हणायला तोंड उघडेना. या पिढीच्या बाप्यांना ते शिकवलेलंच नाही. पाणी आणायला सांगता येतं, हे सांगता येत नाही.

मग त्यांनी काय केलं? काळजी वाटली की ते जे करत, तेच. बटण दाबलं. चहा. थोड्या वेळाने पुन्हा चहा. खात्यातल्या जुन्या मित्राला बोलावलं, दोन चहा. आणि माडीवर प्राचीचं बोलणं इतकं तुटायला लागलं, की ती बिचारी शेवटी संगणक काखोटीला मारून खाली आली. "भाऊ, मी इथे ओटीवर बसते. थेट डब्याला लावून बघते."

सूनबाई ओटीवर, कानाला ते मोठं यंत्र, समोर परदेशातला साहेब. आणि रस्त्यावरून कोण यावं? टोपली घेऊन मासेवाली. "काकी, बांगडे घ्या गो, ताजे फडफडीत." साहेबाने विचारलं, हे काय? प्राचीने शांतपणे सांगितलं, आमच्याकडे ताजे मासे दारात येतात. साहेब म्हणाला, मला आत्ताच्या आत्ता तिथे यायचंय. सगळे हसले. आणि मंडळी, त्या सबंध वेळात साहेबाचा एक शब्द तुटला नाही. तोंड उघडलं की उघडायचं, मिटलं की मिटायचं.

काम संपल्यावर प्राची म्हणाली, "भाऊ, इथे छान चाललं. पण रोज ओटीवर बसून नाही होणार माझं. ऊन येतं, माणसं येतात. रविवारी दुपारी निघू म्हणते."

भाऊ "हं" म्हणाले. तेवढंच.

पण त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं होतं. ओटीवर पूर्ण येतंय. माडीवर येत नाही. मधे काय आहे? मधे फक्त माझी वायर आहे. हे ते स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हणेनात. सवयीने हात बटणाकडे गेला. आत घंटी वाजली.

काकी चहा घेऊन बाहेर आल्या. बशी पुढे करत म्हणाल्या, "प्राची ओटीवर बसल्यापासून गंमतच झाली. तुमची घंटी एवढ्या वेळा वाजली, पण प्राचीचं हॅलो हॅलो काही ऐकू आलं नाही."

"म्हणजे?"

"अहो, एरवी घंटी वाजली की माडीवर लगेच तिचं हॅलो हॅलो सुरू होतं. मी चहा गाळायला घेते आणि ती वरून विचारते, आवाज येतोय का. मला वाटायचं, तीपण चहाच मागतेय. म्हणून मी तिचाही कप भरून ठेवायचे."

भाऊंनी कप खाली ठेवला.

"कधीपासून होतंय हे?"

"ती आली तेव्हापासून. तुम्ही घंटी माडीच्या नव्या वायरीवर घेतलीत ना, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला काय ठाऊक त्याचा याच्याशी संबंध? आणि विचारलंत कधी? घंटी एकाच बाजूने वाजते हो तुमची."

बापट, पेटी राहू द्या. या वाक्यावर वाजवू नका. हे वाक्य तसंच राहू दे.

भाऊ उठले. पिशवीतून पेचकस घेतला, स्टूल घेतलं आणि स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या वर वायरीला एक गाठ होती, काळी पट्टी गुंडाळलेली. त्यांनीच बांधलेली. पट्टी सोडवताना त्यांना सगळं आठवलं. घंटीची जुनी वायर तेव्हा उंदरांनी खाल्ली होती. माडीसाठी नवी वायर ओढत होते, तिच्या पोटात आठ बारीक तारा, रंगीत, जोडीजोडीने वळलेल्या. त्या जुन्या लाइनला चार पुरत होत्या. चार शिल्लक. आणि टेलिफोनच्या माणसाला शिल्लक तार दिसली की राहवत नाही, ती कुठेतरी लावायचीच. खात्यात हीच हुशारी. साहेब पाठ थोपटायचे. भाऊंनी त्या चार तारा घेतल्या आणि त्यावर घंटी बसवली. बोलण्यापुरत्या टेलिफोनला ते चालतं. या नव्या लाइनला आठही लागतात. आणि घंटी वाजली की शेजारच्या चार तारांना असा हिसका बसायचा, की प्राचीचा साहेब जागच्या जागी थिजायचा.

म्हणजे बघा. लाइन आली पूर्ण. ओटीपर्यंत पूर्ण. आत अर्धी माडीला आणि अर्धी भाऊंच्या चहाला. आणि सून निघाली पुण्याला.

आता भाऊंपुढे दोन वाटा होत्या. गुपचूप चार तारा काढायच्या, पट्टी पुन्हा गुंडाळायची, आणि सांगायचं की साळवीने खांबावर दुरुस्त केलं. कुणाला कळणार होतं? काकींना कळलं असतं, पण काकी कुठे बोलणार होत्या? दुसरी वाट माडीच्या जिन्याने वर जात होती.

स्टुलावर उभे राहून त्यांनी जिन्याकडे पाहिलं. तिथे ती बॅग होती आणि बॅगेवर ओवी बसली होती. तिचं झोक्याचं गाणं बॅगेला म्हणून दाखवत होती.

भाऊ खाली उतरले. जिना चढले. प्राची कपड्यांच्या घड्या घालत होती.

"प्राची."

"हं, भाऊ?"

"बिघाड खांबावर नव्हता. रस्त्यात नव्हता. साळवीचा नव्हता. माझा होता." आणि त्यांनी सगळं सांगितलं, घंटीसकट.

प्राची म्हणाली, "म्हणजे इतके दिवस माझं काम तुमच्या चहामुळे तुटत होतं?"

"हो."

"भाऊ, तुम्ही दिवसातून किती चहा पिता?"

"ते तुझ्या सासूला विचार."

खालून काकींचा आवाज आला, "मला विचारू नका, मी मोजणं सोडलंय." आणि तेव्हा प्राची जी हसली, ती घडी घातलेला परकर हातातच धरून हसत राहिली.

भाऊंनी साळवीलाही फोन केला. "नवी वायर घेऊन ये. सबंध ओढायची आहे." साळवी आला. स्वयंपाकघरातली ती गाठ बघून थबकला. "भाऊ, हे कुणी केलंय?"

तेच दोन शेजारी ओटीवर होते. भाऊंनी त्यांच्याकडे बघून, त्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी. तुला उगाच बोललो. बिघाड घरातच होता."

साळवीने गाठ निरखून पाहिली. "हात फार स्वच्छ आहे तुमचा. टेलिफोन असता तर ही गाठ नातवंडांना पुरली असती." एवढं बोलून तो स्टुलावर चढला आणि भाऊंनी खालून वायर धरली. जुनी वायर उतरली. बटण निघालं. घंटी निघाली. भिंतीवर तेवढा एक पांढरा चौकोन राहिला.

सोमवारी प्राची माडीवर बसली. साहेब बोलला, ती बोलली, काम झालं. बॅग पुन्हा माळ्यावर गेली. ओवीच्या रेनकोटसकट गेली, तो नंतर उतरवावा लागला.

पण आख्यान अजून संपलेलं नाही. त्या दिवशी दुपारी भाऊ ओटीवर बसले होते. चहाची वेळ झाली. हात उठला, भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनावर बोट टेकलं. काही वाजलं नाही. भाऊ उठले आणि चालत आत गेले.

आत बघतात तर काकींनी चहा गाळून दोन कप भरून ठेवलेले. एक त्यांचा, एक स्वतःचा.

भाऊ म्हणाले, "मी बोलावलं कुठे? तुला कसं कळलं?"

काकी पाट पुढे सरकवत म्हणाल्या, "कळायचं काय त्यात? मी चहा रोज आधीच ठेवायचे. तुमची घंटी मागाहून वाजायची."

भाऊ पाटावर बसले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, मी बटण दाबतो म्हणून चहा येतो. चहा आधीच चुलीवर असायचा. त्यांनी कप उचलला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची पोफळ दिसते, हे त्यांच्या प्रथमच लक्षात आलं. काकी म्हणाल्या, "साखर बरोबर आहे?" हा प्रश्न ओटीवर कधी पोचलाच नव्हता.

मंडळी, आता वळते तुमच्याकडे.

मघाशी देवळात शिरताना प्रत्येकाने घंटा वाजवली. मी इथे बसून ऐकत होते. कुणी हळूच वाजवली, कुणी अशी वाजवली की कबुतरं उडाली. एक वाजली नोकरीसाठी. दोन वाजल्या मुलीच्या लग्नासाठी. एक लांबलचक, ती कुणाची ते मी सांगत नाही, तो माणूस खाली मान घालून बसलाय. सगळे बोलावून घेताय त्या देणाऱ्याला. आणि त्याने तर चुलीवर आधीच ठेवलंय. तुम्ही दोर ओढायच्याही आधी.

मग आपल्यापर्यंत पोचत का नाही? सुरुवातीला हाच प्रश्न विचारला होता. आता तुम्हीच सांगा. दारात तो डबा आहे, हिरवे दिवे लागलेत, तिथे पूर्ण येतंय. आत शिरल्यावर किती तारा माणसांना लावल्यात आणि किती स्वतःच्या घंटीला? घरी जाल तेव्हा खांबाकडे बघू नका. शेजाऱ्याकडे, नशिबाकडे, पंचांगाकडे बोट दाखवू नका. चपला काढा, स्टूल घ्या, आणि आधी घर बघा. काळी पट्टी कुठे गुंडाळली आहे ते आपलं आपल्याला आठवतं. हात नेला की आठवतं.

आणि गाठ सापडली तर जिना चढून सांगून या. गुपचूप सोडवलेल्या गाठीने तार मोकळी होते, माणूस होत नाही.

बापट, आता द्या सूर. आरतीला उभे राहा सगळे. घंटा वाजवा, जरूर वाजवा, त्याला आवाज आवडतो. पण आज मागणं राहू द्या. वाजवून झालं की क्षणभर गप्प राहा, आणि तो आतून काय विचारतोय तेवढं ऐका.